जिभेवरून परतलेला शब्द

मी स्वतः एक शब्द आहे, आणि मीच बोलतोय. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा, एटरटेंकसोम. तुमची जीभ अडखळली तर अडखळू दे, अर्थ मात्र नीट ऐका. जो ऐकलेलं आधी मनात घोळवतो आणि मगच तोंड उघडतो, त्याला मी शोभतो. उदास नव्हे, आणि मंद तर नव्हेच!

माझा जन्म कुणी पाहिला नाही. कोळ्यांच्या घरांत वाढलो. रांगफ्रीद नावाच्या कोळ्याच्या मुलीला मागणी घालायला आलेल्या तरुणाला तिच्या आईनं माझ्याच जोरावर दटावलं होतं, "गप्प आहे म्हणून खुळी समजू नकोस हो. एटरटेंकसोम आहे ती. कॉफी घे आणि थांब." तो थांबला. दुसरी किटली संपता संपता होकार मिळाला.

आता थांबतंय कोण? म्हातारी रांगफ्रीद उत्तराआधी जरा विचारात पडली की नातवंडं खिदळतात, "आजी, नेटवर्क गेलं का?"

गेल्या हिवाळ्यात रांगफ्रीद पायरीवरच्या बर्फावरून घसरली. ती एकटी राहू शकेल का, हे ठरवायला नगरपालिकेची बाई आली. मुलगा टुरगाइर शेजारी बसला.

"रांगफ्रीद, इथंच राहायचंय की वृद्धाश्रमात?"

रांगफ्रीद खिडकीबाहेर पाण्याकडे बघत राहिली. बाईनं पेन उचललं. "यांना प्रश्न कळला ना?"

त्या खोलीत मला वापरू शकणारा टुरगाइर एकटाच. मी त्याच्या जिभेवर आलो, दातांपाशी पोचलो. पण परक्या माणसासमोरची ती शांतता त्याला सोसवेना. "हल्ली असंच होतं तिचं," तो ओशाळून म्हणाला, आणि मला गिळून बसला.

बाईनं 'गोंधळलेल्या' असं लिहिलं. टुरगाइर तिला गाडीपर्यंत पोचवून आला, तेव्हा रांगफ्रीद बोलली.

"इथंच राहीन. पलंग तेवढा खाली आणा, माडीचं दार लावून टाका. लाकडं शेजारचा ओडवार आणेल, मी त्याला मोजे विणून देईन."

"आई, हे आत्ता सांगतेस? वृद्धाश्रमाच्या कागदावर सही करून दिली मी!"

आज ती वृद्धाश्रमात आहे. चहा की कॉफी, असं विचारतात आणि उत्तराआधीच चहा ओततात. हल्ली ती विचार करत नाही. नुसती गप्प असते. बघणाऱ्यांना फरक कळत नाही. मला कळतो, कारण तिच्यातही आता मला जागा उरली नाही.

ती गेली की टुरगाइर वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीत तिच्या नावापुढे मला छापून आणेल. नको छापूस, टुरगाइर. जिवंत आईसाठी तुझं तोंड उघडलं नाही. मेलेलीला मी लागत नाही.