दार उघडं असतं त्या दिवशी

रादिसावच्या बायकोने, देसांकाने, गोड गव्हाचा वाडगा पुढे केला आणि तिचा हात तिथेच थांबला. दारात पायपुसण्यावर बूट घासत ओब्राद उभा होता. एका हातात वाइनची बाटली, दुसऱ्यात कॉफीचा पुडा. केस पार पांढरे झालेले, पण मान अजून तशीच ताठ.

“स्लावा सुखाची जावो, घरधनी!” तो आत बघून म्हणाला.

आतला गलका एकदम बसला. टेबलावरून स्रेतेनचा आवाज तेवढा आला, “आईशप्पथ! हा?”

आमच्याकडे स्लावाला, म्हणजे घरच्या संताच्या दिवशी, आमंत्रण कुणालाच नसतं. ज्याला आठवण असेल तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवायचं नाही, मग तो पक्का वैरी का असेना. घरधनी रादिसाव उन्हाळ्यापासून ओब्रादचा फोन उचलत नव्हता. पठ्ठ्याने बरोबर आजचा दिवस साधला.

“घ्या,” देसांका म्हणाली. आवाजात जेवढा कोरडेपणा आणता येईल तेवढा तिने आणला. ओब्रादने छातीवर क्रॉसची खूण केली, चमचाभर गहू खाल्ले, घोटभर वाइन घेतली. झालं, आता तो पाहुणा होता.

या गावात ओब्रादचं नाव निघालं की एका टेबलाची दोन टेबलं होतात. आमचा चिखलातला फुटबॉल क्लब त्याने प्रशिक्षक म्हणून वर काढला, दोनदा अजिंक्यपद दिलं, एकदा देशाचा कप आणला. तिहोमिर न्हाव्याच्या दुकानात संताच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो आहे. आणि कर्णधाराला ऐन लग्नाच्या दिवशी विकणारा, पंचाच्या बायकोलाही शिव्या घालणारा तो हाच. शिवाय रादिसावचा गुडघा. कपाच्या अंतिम सामन्यात मध्यंतरालाच गोलरक्षकाचा गुडघा गेला होता. दुखणं मारायची सुई टोचून ओब्रादने त्याला परत गोलात उभं केलं, त्याने शेवटची पेनल्टी अडवली, कप गावात आला. त्यानंतर रादिसाव कधी खेळला नाही. आता त्याचं टायरचं दुकान आहे.

तिहोमिरने घाईघाईने सरकून ओब्रादला शेजारी जागा दिली. रादिसावने त्याच्यापुढे रकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला ठेवला. स्लावाला घरधन्याने बसायचं नसतं. सकाळपासून तो दुखऱ्या पायावर उभा राहून सगळ्यांना वाढत होता.

“मी नेवेनासाठी आलोय,” ओब्राद म्हणाला. “उगाच आडून आडून कशाला बोलू. बेलग्रेडला मी मुलींचा संघ घेतलाय, त्याला गोलरक्षक हवीय, आणि तिच्यासारखे हात मी फार दिवसांत पाहिले नाहीत.”

“आधी जेवा,” रादिसाव म्हणाला.

रादिसावची एकोणीस वर्षांची लेक नेवेना सूपाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला जायचं होतं. बाप नको म्हणत होता. तीन महिने घरात हाच विषय, आणि दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होती.

स्रेतेनने काटा खाली ठेवला. रादिसावच्या लग्नातला साक्षीदार तो, नेवेनाचा धर्मपिता. गप्प बसणं त्याला माहीतच नव्हतं.

“बापाचा गुडघा खाल्लास, आता लेकीचाही हवा?”

“अरे, कप कुणी आणला? तुझ्या आज्याने?” तिहोमिर उसळला.

“तू दाढ्या कर, तिहो! माणसापेक्षा कप मोठा का? याने त्याला विचारलं तरी होतं का, की बाबा रे, जमेल का तुला? सुई टोचली आणि दिला ढकलून. वीस वर्षं हे घर हेच सांगतंय.”

नेवेनाने भांडं टेबलावर ठेवलं आणि ती ओब्रादकडे वळली.

“खरंच नव्हतं विचारलं तुम्ही?”

रादिसाव बाटली तिरपी धरून उभा होता. पेला भरला, वाइन टेबलक्लॉथवर उतरली, तरी त्याला कळलं नाही. ओब्रादने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग सावकाश तोंड पुसलं.

“नाही,” तो म्हणाला. “नाही विचारलं.”

“ऐका! स्वतःच्या तोंडाने!” स्रेतेन म्हणाला. तिहोमिर ताटात बघत राहिला. बिचाऱ्याला आता बाजू घ्यायला काही उरलं नव्हतं.

“मग मी नाही यायची,” नेवेना हळूच म्हणाली आणि आत गेली.

ओब्रादने पानातले कोबीचे रोल संपवले, देसांकाच्या हाताची स्तुती केली आणि टोपी घेतली. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायचं असतं. रादिसाव लंगडत मागोमाग गेला. अंगणात अक्रोडाची पानं पडली होती.

“बॉस, खोटं का बोललात?”

“तुझ्या घरचा दिवस आहे. घरधन्याला त्याच्याच टेबलावर खोटं पाडू?”

“तीनदा विचारलं होतं तुम्ही.”

“दोनदा. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर तूच माझ्यावर ओरडलास.” ओब्राद किंचित हसला. मग हसू गेलं. “पण राशा, तू हो म्हणणार हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनच विचारलं. त्याला विचारणं म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव.”

“हॉस्पिटलात एकदाही आला नाहीत.”

“नाही आलो,” ओब्राद म्हणाला. “भ्यालो.”

त्याने टोपी घातली आणि गाडीकडे निघाला. रादिसाव फाटक धरून बराच वेळ उभा राहिला. आत हशा सुरू झाला होता. स्रेतेन कसलीतरी नक्कल करत असणार.

स्वयंपाकघरात नेवेना पेले धूत होती. डोळे लाल झाले होते.

“बाबा, तुझंच खरं होतं,” ती मान वर न करता म्हणाली. “सांगितलं मी त्याला. संपला विषय.”

जे हवं होतं ते सगळं त्याला मिळालं होतं. रादिसावने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि एक पेला पुसायला घेतला.

“बॅग भर,” तो म्हणाला.

“काय?”

“उद्या बेलग्रेडला जा. मी सोडतो बसवर.”

“अरे, पण तो आत्ताच म्हणाला ना...”

“तो काय म्हणाला ते मीही ऐकलं.” त्याने पेला उजेडात धरून पाहिला. “तो विचारेल तुला. नेमकं अशा वेळी विचारेल, की तुझ्या तोंडून होच येईल. तेव्हा नाही म्हण.”

नेवेनाने नळ बंद केला. बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग त्याच्या पायाकडे.

“तुला नाही जमलं तसं म्हणायला?”

“नाही,” रादिसाव म्हणाला.