ती गोळी सोडा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचे एक जुने, पाऱ्याचे यंत्र आहे. लालबागमधल्या एका छोट्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. माझा पट्टा दोनदा शिवला आहे, रबरी फुगा चिकट झाला आहे आणि पारा वर चढवताना मला धाप लागते. शेजारी बॅटरीवरचे नवे यंत्र येऊन बसले आहे. ते नुसते पीं करते आणि सगळे त्याचे कौतुक करतात. करू देत. मी फार थकलो आहे.

एकेकाळी माझाही मान होता. डॉक्टर सरोजिनीबाई गिरगावहून सकाळी आल्या की आधी मला फडक्याने पुसत, मग पहिल्या पेशंटला हाक मारत. गिरणीतले, गोदीतले, मसाला कांडणाऱ्या बायका, किती दंड आवळले याची गणती नाही. त्यांतला माझा आवडता दंड गुणाजींचा. ते चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. बाई म्हणत, "गुणाजी, हात आहे की खांब?" गुणाजी नुसते हसत, कारण दाढेखाली तंबाखूची गोळी धरलेली असे.

गेल्या श्रावणात त्यांचा आकडा छान आला. रोजच्या औषधाचा गुण होता तो. बाई खूश झाल्या. गुणाजींच्या फुगलेल्या गालाकडे बघत म्हणाल्या, "बीपी मस्त आहे. आता ती गोळी तेवढी सोडा." बाहेर पाच-सहाजण खोळंबले होते. गुणाजींनी मान डोलावली आणि ते गेले.

पुढे दोन महिने ते फिरकले नाहीत. मला वाटले, बरे असतील. आले ते बायकोच्या, मालनच्या खांद्यावर हात टाकून. डोके ठणकत होते, उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. पट्टा आवळला आणि पारा दोनशेच्या वर जाऊन थरथरत राहिला. तो आकडा दाखवायचे माझ्या जिवावर आले होते. पण मला खोटे बोलता येत नाही.

"बीपीची गोळी घेताय ना?" बाईंनी विचारले.

"नाय ओ. तुमीच बोललात ना, गोळी सोडा म्हणून," मालन म्हणाली. "चाळीत पेढे वाटले आमी."

"अहो, ती तोंडातली! तंबाखूची!"

गुणाजींची दाढ चालायची थांबली. तंबाखू त्यांनी सोडलीच नव्हती.

बाईंनी टॅक्सी बोलावून त्यांना लगेच मोठ्या इस्पितळात धाडले. जीव वाचला, पण उजव्या हातातली ताकद गेली. त्या दिवशी दवाखाना रिकामा झाल्यावर बाई माझ्यासमोर बसून राहिल्या. "मी तंबाखू म्हणायला हवं होतं रे," त्या मला म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मला फार वाईट वाटले.

परवा गुणाजींचे औषध बदलायचे होते. बाईंनी दोन्ही पाकिटे टेबलावर मांडली. "ही जुनी, ही नवी. जुनी एकदम टाकायची नाही. ती कशी कमी करायची, कधी थांबवायची ते मी कागदावर लिहिलंय. दर आठवड्याला येऊन मोजून जायचं. चक्कर आली, डोकं दुखलं तर त्याच दिवशी या. आता हेच मला परत सांगून दाखवा." मालनने एकेका पाकिटावर बोट ठेवून सगळे सांगितले.

"भजनाला जाता का?" बाईंनी विचारले.

"जातो. मागं बसून कोरस धरतो," गुणाजी म्हणाले. माझा पट्टा आता त्यांच्या डाव्या दंडावर असतो.

मित्रांनो, माझे आता किती दिवस राहिलेत कोण जाणे, म्हणून एवढे ऐका. घरात कोणाची रोजची गोळी अचानक बंद झालेली दिसली, तर विचारा: कोणती गोळी? कोण म्हणाले? नक्की काय म्हणाले? बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने थांबवू देऊ नका. चला, आधी डॉक्टरांना विचारून येऊ, असे म्हणा. गुणाजींच्या घरी पेढे वाटले त्या दिवशी सगळे इतके आनंदात होते, की हे कोणाला सुचलेच नाही.