सवतीचा बाजा

घड्याळजींनी माळ्यावरची निळी पेटी खाली उतरवली तेव्हाच काकीच्या कपाळाला आठी पडली. पेटी म्हणजे हातात धरून कुठंही नेता येईल असा ग्रामोफोन, घड्याळजींच्या पहिल्या बायकोचा. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. मग काकी या घरात आली, मुलं वाढवली, त्यांची लग्नं लावून दिली, आणि सवत आपली निमूट माळ्यावर पडून होती. आता दुकान मुलाच्या हाती देऊन घड्याळजी घरी बसले आणि त्यांना नेमकी तीच आठवली.

टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्यांनी पेटीचा सगळा कोथळा बाहेर काढला. स्प्रिंगवरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, ते रॉकेलनं धुतलं. आवाजाच्या डबीतलं कडक झालेलं रबर बदललं. बाहेरून मात्र काही म्हणजे काही नवं करायला तयार नाहीत.

"हा कोपरा तरी झाका," काकी म्हणाली. "भिकाऱ्याच्या कोटासारखा दिसतोय."

"कापडाच्या सुटलेल्या कडा चिकटवल्यात, तेवढं बास. वापरून झिजलंय ते. राहू दे."

"कुणी वापरून?"

घड्याळजी खाली मान घालून स्क्रू पुसत राहिले.

"माझ्या टाचाही याच घरात झिजल्यात. त्या बघायला तुम्ही कधी डोळ्याला भिंग लावलं नाहीत."

झाकणाच्या कप्प्यात एकच रेकॉर्ड निघाली. तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशी घड्याळजी ती ओल्या मलमलीनं पुसायला लागले. काकीला ताप आला तेव्हा याच माणसानं कपाळावर ओली घडी टाकली होती, ती सुद्धा पिळायची विसरून.

"पिना घेऊन येतो," ते उठत म्हणाले. "ही स्पिरिटची बाटली लोखंडापुरती हं. रेकॉर्ड लाखेची असते, स्पिरिट लागलं की विरघळते."

ते गेले. काकीनं भांडी घासली, ओटा पुसला, परत येऊन टेबलाशी उभी राहिली. बघू तरी महाराणी किती नाजूक आहेत, असं म्हणून तिनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि रेकॉर्डच्या कडेनं फिरवला. बोळा काळाकुट्ट झाला. कडेची चकाकी गेली, बारीक रेघा एकमेकींत मिसळून गेल्या. काकीनं हात मागे घेतला, पण बोळा लपवला नाही. लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती.

घड्याळजी आले, बोळा बघितला आणि खुर्चीवर बसले. भिंग लावून बराच वेळ रेकॉर्ड न्याहाळली.

"सुरुवात गेली," ते म्हणाले.

"बोला की. रागवा."

"काय रागवू? जी तुला कधी भेटली नाही तिच्याशी तू भांडतेस."

"म्हणून तर भांडते. भेटली असती तर तोंडावर चार शब्द बोलून मोकळी झाले असते. मेलेल्या बाईचं काही चुकत नाही, तिचे गुडघे दुखत नाहीत. मी कुठं पुरी पडणार?"

 घड्याळजींनी पिन लावली, जपून थोडीच चावी दिली आणि खराब पट्टा सोडून पिन आत टेकवली. अर्ध्या ओळीतूनच एक बाई गायला लागली. दोन कडव्यांत स्प्रिंग उतरली, बाईचा आवाज लोळायला लागला.

"अगं, चावी दे," घड्याळजी डोळे मिटूनच म्हणाले.

काकी जागची हलली नाही.

"तेव्हा चावी ती द्यायची वाटतं?"

"हो," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे उघडले.

"मग मी देणार नाही. उठा. चावी तुम्ही द्यायची, ऐकणार मी."

घड्याळजी उठले. त्यांची खुर्ची ओढून काकी ऐसपैस बसली. चार फेऱ्यांत गाणारणीचा आवाज ताळ्यावर आला.

"थांबू नका," काकी म्हणाली. "आणि पेटीकडे काय बघताय? इकडे बघून फिरवा."