सिक्लोच्या पुढच्या खुर्चीत

मित्रांनो, मी एक जुनी सिक्लो आहे. प्नोम पेन्ह शहरात, नदीकाठच्या रस्त्यावर, एका चिंचेच्या झाडाखाली मी उभी असते. तुमच्याकडच्या सायकलरिक्षेशी माझे जवळचे नाते आहे, फक्त माझी मांडणी उलटी आहे. दोन चाके पुढे, एक मागे. प्रवासी पुढच्या खुर्चीत बसतो आणि चालक त्याच्या पाठीमागे, उंच सीटवर. त्यामुळे चालकाला प्रवाशाचा चेहरा कधी दिसत नाही. दिसते ते डोके, आणि उन्हासाठी छत वर केले की तेही नाही.

रेल्वे स्टेशनच्या मागच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. देशातली लढाई तेव्हा नुकतीच थांबली होती. माणसे शहरात परतत होती आणि वाहने फार थोडी होती. वेल्डरने लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा जोडला. त्याच्या बायकोने खुर्चीत काथ्याची गादी भरली आणि वर हिरवे रेक्झिन ठोकले. भाताच्या शेतातून शहरात आलेल्या सावुत नावाच्या तरुणाने मला घेतले, आणि तेव्हापासून आम्ही दोघे एकत्र आहोत.

आम्ही काय काय वाहून नेले! शाळेची मुले एकावर एक. बाजारातल्या बायका, आणि त्यांच्या पायाशी बांधलेली बदके. एकदा लग्नाच्या घरी जाणारा आरसा, ज्यात वाटेतले सगळे शहर उलटे पळताना दिसत होते. या कामात मला एक विद्या साधली. मला वजन कळते. किती ते नव्हे, कसे ते. घाबरलेला माणूस खुर्चीच्या पुढच्या कडेवर येतो. दमलेला मागे रेलतो. भांडलेले नवरा-बायको दोन टोकांना सरकतात आणि मधली गादी मोकळी राहते.

मग परदेशी पाहुणे येऊ लागले. ते माझे फोटो काढत, माझ्या हिरव्या खुर्चीला सुंदर म्हणत. सावुत तेव्हा मला रोज पुसायचा. पण मोटारसायकली वाढल्या, आणि त्यांच्यामागून तुमच्याच देशातून तीनचाकी रिक्षा जहाजात बसून आल्या. फोनवर बोट टेकवले की त्या दारात हजर. आमच्या थांब्यावरच्या सिक्लो एकेक करून दिसेनाशा झाल्या. माझ्या चाकात हवा आहे की नाही हे पाहायलाही कित्येकदा कोणी येत नसे.

आता त्या एका दिवसाबद्दल सांगते.

आमच्याच चिंचेखाली रोज सकाळी चान्थू कावड टेकवायची. एका टोपलीत तांदळाच्या ओल्या शेवया, दुसरीत माशांच्या हिरव्या रश्श्याचे भांडे. नवरा गेल्यावर तिने याच कावडीवर मुलाला वाढवले होते. सावुतची बायकोही तापाने जाऊन बरीच वर्षे झाली होती. पहिला वाडगा सावुतचा, हे ठरलेले होते. तो "आज मीठ कमी आहे" म्हणायचा, ती "जिभेला तेल द्या, साखळीला देता तसं" म्हणायची, आणि दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

पण तिचा मुलगा विरक दूर बाटामबांगला होता. त्याने तिथे घर बांधले आणि आईला न्यायचे ठरवले. टेम्पो कधी येणार तेही ठरले. सावुतला तिला थांब म्हणायचे होते. मला हे पक्के ठाऊक होते, कारण ती यायच्या आधी पहाटे तो माझ्या रिकाम्या खुर्चीशी बोलण्याचा सराव करत असे. खुर्चीपुढे त्याला नीट बोलता येई. ती आली की तो म्हणे, "आज मीठ कमी आहे."

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने वाडगा खाली ठेवला आणि विचारले, "इतकी वर्षं इथे राहिलात. शहर बघितलंत का कधी?"

"बघितलं की. या झाडापासून बाजारापर्यंत."

"आणि राजवाडा?"

"भिंत बघितलीय. पिवळी आहे."

"बाटामबांगच्या बायका विचारतील, राजवाडा कसा असतो म्हणून. काय सांगाल?"

"पिवळा असतो म्हणून सांगेन." मग ती हसली. "बाँग, सरळ सांगा ना, फिरवून आणतो म्हणून." बाँग म्हणजे थोरला भाऊ. आमच्याकडे वयाने मोठ्या कोणालाही बायका असेच म्हणतात, सख्ख्या नवऱ्यालाही.

सावुतने मला धुतले, साखळीला तेल दिले, चाकांत हवा भरली. चान्थू धुतलेला सारोंग नेसून आली आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. जणू खुर्ची दुसऱ्या कोणाची आहे आणि मालक आता येऊन उठवील.

आधी आम्ही टेकडीवरच्या देवळाशी गेलो. ती वर जाऊन, उदबत्ती लावून खाली आली. "एवढ्याला टेकडी म्हणतात होय? आमच्या गावातली वारुळं याहून उंच आहेत," असे म्हणून गुडघे चोळत राहिली. मग नवा बाजार. त्याचा घुमट पाहायला आत गेली, पण नातीसाठी चौकड्यांचा पंचा घेताना दुकानदारिणीशी तिची अशी जुंपली की घुमट राहिला बाजूला. पंचा मनासारखा मिळाला, मात्र राजवाड्याच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा पहारेकरी दार लावत होता.

"मावशी, राजवाडा जेवायला गेला. दोन वाजता या."

"राजा जेवतो ते कळलं. भिंतीसुद्धा जेवतात का?"

"भिंतींचं माहीत नाही, मी जेवतो," पहारेकरी म्हणाला आणि दार लागले.

तोपर्यंत ऊन चढले होते. सावुतने छत वर केले आणि मला नदीकाठच्या झाडांखालून हळूहळू चालवू लागला. चान्थू आता टोकावर नव्हती, मागे नीट रेलली होती. वारा होता, रस्ता गुळगुळीत होता. मला सावुतचे पाय कळतात. त्या दुपारी ते एकसारखे पडत नव्हते. मग त्याने घसा खाकरला.

"चान्थू, मला भाषण येत नाही. माझ्या दोन खोल्या आहेत, तुम्हाला माहीतच आहेत. छप्पर गळत नाही. सकाळी तुमच्या शेवया खाल्ल्याशिवाय मला पॅडल मारवत नाही, आणि मीठ कधीच कमी नसतं. ते मी उगाच म्हणतो."

छताखालून काही आवाज आला नाही. त्याने आणखी दोन-तीन झाडे मागे टाकली.

"आता ही नदीच बघा. पावसाळा आला की उलटी वाहते. समुद्राकडे जायचं सोडून तळ्याकडे निघते. तिला कोणी नावं ठेवतं का? उलट सगळे मासे पकडायला धावतात. आपण या वयात थोडं उलटं वागलो तर काय बिघडलं? बाटामबांगला जाऊ नका. माझ्याकडे राहा. लग्नाचं म्हणतोय मी."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! कारण मला जे कळत होते ते त्याला दिसत नव्हते. तिचे डोके डाव्या बाजूला कलले होते. हात गादीवर सैल पडले होते. सगळा भार खुर्चीने वाटून घेतला होता, जसा झोपलेल्या माणसाचा घेते. सावुत आयुष्यात पहिल्यांदा धीटपणे बोलला होता, आणि ज्या बाईसाठी बोलला ती झोपली होती. मी मागच्या चाकातून करकरले. पण सकाळी त्याने इतके तेल दिले होते की करकरसुद्धा नीट उमटली नाही.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याचे पाय जड झाले. आमच्याकडे एखाद्या बाईला नाही म्हणायचे नसेल तर ती हसते, काही तरी बोलते. मुळीच बोलली नाही तर तेच उत्तर समजायचे. सावुतने तेच समजले.

दोन वाजता फाटकाशी चान्थू जांभई देत उतरली. "चला की तुम्ही पण."

"मी बघितलाय," सावुत म्हणाला. ते खरे नव्हते. पाहुण्यांना फाटकाशी सोडून तो नेहमी माझ्यापाशी थांबत आला होता.

ती बाहेर आली ती बोलतच. "चांदीच्या फरश्या आहेत म्हणे आत, आणि वर सतरंजी घातलीय! माझ्या घरी असत्या तर रोज पुसल्या असत्या, झाकल्या नसत्या." सावुत नुसता हं म्हणाला. तिने कमळाच्या बिया घेतल्या, सोलून त्याच्यापुढे धरल्या. त्याने दोन घेतल्या आणि चावायला विसरला.

राजवाड्यासमोर मोठे मोकळे मैदान आहे. संध्याकाळी तिथे माणसे चटया टाकून बसतात, मुले कबुतरांना मका टाकतात. चान्थूने कमरेवर हात ठेवून सावुतकडे पाहिले.

"तोंड का असं वाळलेल्या माशासारखं?"

"ऊन लागलं."

"मग उतरा. मी चालवते."

"काय?"

"उतरा म्हटलं. गावात सायकलवरून भाताची पोती नेलीत मी. तुमचं वजन पोत्यापेक्षा जास्त आहे का?"

तो नाही नाही म्हणत असतानाच ती मागे चढली. काय करणार? सावुत येऊन पुढे बसला. दुपारी डुलकी काढायला तो माझ्या खुर्चीत नेहमीच आडवा होत असे. पण खुर्ची चालत असताना तो तिच्यात कधीच बसला नव्हता. काय सांगू, तो किती हलका होता! इतकी वर्षे माझ्यासकट सगळ्यांना ढकलणारा माणूस, आणि गादी पुरती दबलीही नाही.

मी वळते तेव्हा पुढची अख्खी खुर्ची वळते. हे चान्थूला ठाऊक नव्हते. तिने दांडी जरा फिरवली आणि सावुत थेट कबुतरांच्या थव्यात घुसला.

"ब्रेक! ब्रेक!"

"ओरडू नका. आणि मान खाली घ्या, तुमच्या टकलामुळे मला रस्ता दिसत नाही."

चटईवरची माणसे हसू लागली. मुले मागे धावली. मग तिला माझी चाल सापडली आणि आम्ही सरळ जाऊ लागलो. मुले मागे पडली. चान्थूचा आवाज हळू झाला.

"इथून बोलायला बरं पडतं हो. दुपारी तुम्ही नदीचं सांगायला लागलात ना, तेव्हा मला जाग आली."

सावुत मागे वळू लागला.

"पुढे बघा! मागे बघितलंत तर एक शब्द बोलणार नाही."

तो पुढे पाहत राहिला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पुढे बसून कसं बोलणार? तुम्ही मागून नुसतं छत बघणार, आणि मी राणीसारखी खुर्चीत बसून उत्तर देणार? शिवाय पहिला भाग मी ऐकलाच नव्हता. तो परत सांगा."

मीही चुकले होते, मित्रांनो. झोपेत मिटलेले डोळे आणि जागेपणी मिटलेले डोळे यांचे वजन सारखेच असते.

"दोन खोल्या आहेत," सावुत म्हणाला. "छप्पर गळत नाही."

"खोटं. मागच्या पावसात छत्री धरून भात शिजवत होतात."

"दुरुस्त करतो."

"करा. कावड मी सोडणार नाही."

"कोण म्हणतंय सोडा?"

"मग उद्या विरक आला की त्याला सांगायचं. मी नाही, तुम्ही. आणि समोर उभं राहून, तोंडाकडे बघून. असं पाठीमागून नाही."

सकाळी टेम्पो आला. सावुत इस्त्रीचा सदरा घालून विरकसमोर उभा राहिला आणि सराव केलेले सगळे विसरला. फक्त म्हणाला, "तुझी आई इथेच राहील. माझ्या घरी. तुला चालेल का?"

विरकने आईकडे पाहिले, चिंचेला टेकवलेल्या कावडीकडे पाहिले. "काका, हे मला आईने गेल्या आठवड्यातच फोनवर सांगितलं."

"पण मी तर काल विचारलं!"

"हो. ती म्हणाली, विचारतील असं वाटतंय, पण वेळ लावतील. टेम्पो एक दिवस उशिरा आण."

चान्थू वाडगे पुसत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले होते. विरकने दोन वाडगे शेवया खाल्ल्या, आईसाठी आणलेली नवी गादी सावुतच्या घरी उतरवली आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

त्यालाही आता काही पावसाळे झाले. छप्पर गळत नाही. माझे रेक्झिन फाटले तेव्हा चान्थूने नवे शिवून घातले, यावेळी लाल. प्रवासी थोडे मिळतात, पण सकाळी मी तिच्या टोपल्या बाजारातून आणते, आणि सणाच्या दिवशी ती दोघे मला मैदानात नेतात. कोण पुढे बसणार यावर आधी भांडण होते.

मित्रांनो, जुन्या वाहनाला फार काही लागत नाही. साखळीला तेल द्या, चाकात हवा ठेवा, पावसात उघड्यावर टाकू नका. एवढ्यावर आम्ही पुष्कळ टिकतो. पण आणखी एक मागणे आहे. तुमच्या घरीही कोणी तरी असेल, जे कायम मागे राहून सगळ्यांना पुढे नेत आले आहे. एखाद्या संध्याकाळी त्यांना पुढे बसवा आणि तुम्ही पॅडल मारा. ते नको म्हणतील, ओरडतील, मागे वळून पाहतील. तरी चालवत राहा. तुम्हाला वाटते त्याहून ते फार हलके असतात.