एकचं बटण

"आमनी पोरले अहिरानी येस, मराठी येस, थोडी इंग्रजीबी येस. आते आखो कोनती भाषा लेवानी म्हनतस तुम्ही?" अभिमन आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि टायपिंग शिकवणाऱ्या बेबाबाईंकडे पाहिलं.

बेबाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते ओठातच ठेवलं. ही माणसांशी बोलायची भाषा नव्हे, कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायची भाषा आहे, असं त्यांनी आबांना समजावलं. आबांनी कोपऱ्यातल्या दोन झाकलेल्या यंत्रांकडे जरा संशयानंच पाहिलं. शेजारी त्यांची मुलगी सुगंधा बसली होती. शिंदखेड्याजवळच्या खेड्यातून एसटीनं येऊन तिनं याच क्लासात टायपिंग केलं होतं, बी.कॉम. केलं होतं, आणि आता तिला कॉम्प्युटर शिकायचा होता. आबांची ना नव्हती, पण एक अट होती. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, नोकरी लागली तर ठीक.

"नई लागनी, ते मंग पोरना हात पिवळा करी टाकसू," आबा म्हणाले. "भाषा तुम्हीच निवडा, बाई. मन्हं त्यामा काय?"

असं ते ओझं त्यांनी बेबाबाईंच्या पदरात टाकलं आणि टोपी घालून ते निघाले.

धुळ्याच्या गल्ली नंबर पाचमध्ये रतिलालशेठच्या कापडदुकानावर हा क्लास होता. शेठ नावापुरता मालक, क्लास खरा चालायचा तो बेबाबाईंच्या बोटांवर. कोर्टातले आणि कचेऱ्यांतले निम्मे टायपिस्ट त्यांच्या हाताखालून गेलेले. रस्त्यात भेटले की केस पिकलेली माणसंसुद्धा 'बेबी मॅडम' म्हणून वाकून नमस्कार करत. पण पंच्याण्णव साल उजाडलं तशी टायपिंगला पोरं येईनात. शेठनी दोन कॉम्प्युटर आणले, त्यांना देव्हाऱ्याचा मान दिला, खोलीबाहेर चपला काढायला लावल्या, आणि चाळिशी उलटलेल्या बेबाबाईंना नाशिकला शिकायला धाडलं. तिथं त्यांना दोन भाषांची तोंडओळख झाली. एक कोबॉल, दुसरी सी. शेठ म्हणाले, दोन्ही शिकवायला आपल्याकडे माणूस नाही, एक काय ती धरा.

पेपरात जाहिराती यायच्या त्यात सी जास्त दिसायची. सुगंधाची एक मैत्रीण जळगावला जाऊन सीच शिकत होती. सुगंधानं तसं दबकत विचारलंही. बेबाबाईंचा जीव चार दिवस थाऱ्यावर नव्हता. आपल्याला सोपी म्हणून आपण कोबॉलकडे झुकतोय की पोरीच्या भल्याची म्हणून, हे त्यांचं त्यांनाच उमगेना. सीमध्ये महिरपी कंस होते, उभ्या-आडव्या काड्या होत्या, टायपरायटरवर कधी पाहिली नव्हती अशी चिन्हं होती. कोबॉलमध्ये शब्द होते, शब्दांची वाक्यं होती, आणि वाक्य संपलं की मुकाट्यानं पूर्णविराम होता. त्यातच जळगावच्या एका कारखान्यात कोबॉल येणारं माणूस हवं असल्याचं शेठच्या कानावर आलं.

"आपल्या बोटांना जी येते ती भाषा घे, कोबॉल," बेबाबाईंनी सुगंधाला सांगितलं. सुगंधानं मान डोलावली. बेबाबाई सांगतील ते चुकीचं असेल, असं तिच्या मनाला शिवलंही नाही.

पोरगी हुशार होती. भराभर शिकली. एका गोष्टीत मात्र तिची बोटं हट्टी होती. क्लासातल्या जुन्या टायपरायटरांवर एक या आकड्याचं बटणच नव्हतं. बनवणाऱ्यांनी एक बटण वाचवलं होतं, कारण इंग्रजीतला छोटा एल दिसायला हुबेहूब एक या आकड्यासारखा. एक काढायचा तर उजव्या हाताचं अंगठीचं बोट एलवर मारायचं, हे बेबाबाईंनी जन्मभर शिकवलं होतं. कॉम्प्युटरवर एक वेगळा होता, वरच्या ओळीत पार डावीकडे, करंगळीच्या वाट्याचा. तिथं एलला एक म्हणून चालत नसे. आणि कोबॉलमध्ये तर आधी शून्य-एक हा आकडा घातल्याशिवाय माहितीची मांडणीच सुरू होत नसे.

बेबाबाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण जित्याची खोड, त्यांचं स्वतःचं अंगठीचं बोटही अजून घसरायचं. संध्याकाळी क्लास सुटला की त्या सुगंधाचा प्रोग्रॅम उघडत आणि एलचे एक करून ठेवत. कशाला पोरीचा हिरमोड, एवढंच मनात असे. दुसऱ्या दिवशी सुगंधा प्रोग्रॅम चालवी आणि तो बिनतक्रार चाले. मॅडम संध्याकाळी तपासतात हे तिला माहीत होतं. काय दुरुस्त करतात ते कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

आखाजी जवळ आली तेव्हा कारखान्याचं बोलावणं आलं. आबा स्वतः तिला घेऊन जळगावला गेले. दुसऱ्या दिवशी ती एकटीच क्लासात आली आणि टायपरायटरच्या बाकावर बसून राहिली. डोळे कोरडे होते, तेच बेबाबाईंना बघवेना.

सगळं येत होतं, ती म्हणाली. प्रोग्रॅम तोंडपाठ होता. पण मशीन ओळीओळीला चूक दाखवत होतं. तिनं स्पेलिंग तपासलं, पूर्णविराम तपासले, पडद्यावर सगळं बरोबरच दिसत होतं. वेळ संपली तेव्हा परीक्षा घेणारे साहेब काही रागावले नाहीत. ही भाषा तुम्हाला नीट येत नाही, एवढंच म्हणाले, आणि पुढच्याला बोलावलं. आबा बाहेर ऐकत उभे होते.

"सीच घ्यायला हवी होती का, मॅडम?"

बेबाबाईंनी तिला प्रोग्रॅम पहिल्यापासून म्हणायला लावला. सुगंधा म्हणू लागली, आणि सवयीनं तिची बोटं बाकाच्या लाकडावर चालू लागली. शून्य म्हटलं तेव्हा बोट वर गेलं. एक म्हटलं तेव्हा उजव्या हाताचं अंगठीचं बोट जागच्या जागी खाली पडलं. पुन्हा शून्य, पुन्हा एक, पुन्हा तेच बोट. बेबाबाईंनी तिचा हात धरला आणि थांबवला. क्लासात त्या कधी अहिराणीत बोलत नसत.

"चूक तुनी नई शे, बेटा," त्या म्हणाल्या. "भाषानीबी नई शे. बठ्ठी चूक मनी शे."

मग त्यांनी संध्याकाळच्या दुरुस्त्यांचं सगळं सांगितलं. सुगंधानं ऐकून घेतलं आणि ती आपल्या बोटाकडे पाहत राहिली. ती एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं बेबाबाईंना वाटलं.

शेठच्या फोनवरून त्यांनी कारखान्याला विनवून पाहिलं. जागा भरली होती. मग त्या एसटीनं आबांच्या गावी गेल्या. ओसरीवर आबांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, सगळं शांतपणे ऐकलं. अजून एक वर्ष द्या, मी फुकट शिकवते, असं बेबाबाई म्हणाल्या. आबांनी टोपी काढून हातात फिरवली.

"बाई, तुमना शब्द खोटा शे असं मी म्हनत नई," ते म्हणाले. "पन एक बोट चुकनं म्हनीसन पोरनी नोकरी गई, हाई गोट मी गावमा कोनले सांगू?"

आखाजी झाली आणि त्या वैशाखातच सुगंधाचं लग्न झालं. बेबाबाई गेल्या, अक्षता टाकल्या आणि पंगतीला न थांबता परतल्या. त्यानंतर त्यांनी कोणाचा प्रोग्रॅम दुरुस्त केला नाही. नव्या पोरी रडकुंडीला येत, मॅडम फार कडक आहेत म्हणत.

पुढच्या आखाजीला सुगंधा माहेरी आली, तशी एका दुपारी क्लासातही आली. अंगभर साडी, हातात काचेच्या बांगड्या, उजव्या हाताच्या त्याच बोटात अंगठी. सासरचं बरं आहे म्हणाली. माणसं चांगली आहेत म्हणाली. मग कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहून जरा घुटमळली. बेबाबाईंनी त्यावरचं कापड काढलं.

चपला तिनं बाहेर काढल्याच होत्या. ती बसली, बांगड्या मागे सारल्या आणि तोच प्रोग्रॅम टाइप करू लागली. शून्य. मग डाव्या हाताची करंगळी वर गेली, वरच्या ओळीत, पार डावीकडे. अंगठीचं बोट हललं नाही.

"आता चुकत नाही, मॅडम," ती पडद्याकडेच पाहत म्हणाली. "तिकडं मशीन कुठलं असायला? पण भाकरी झाल्या की ओट्यावर बोटांनी एकदा सगळा प्रोग्रॅम मारून पाहते."

बेबाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शेवटचा पूर्णविराम देऊन सुगंधा उठली, कारण शिंदखेड्याच्या गाडीची वेळ झाली होती.

ती जिना उतरून गेल्यावर बेबाबाई तिच्या खुर्चीवर बसल्या. चष्मा लावून, सवयीनं, त्या एकेक ओळ तपासत शेवटपर्यंत गेल्या. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.