लिहिलंय तेवढंच करायचं

गंधे सरांच्या लेखनवर्गाला नगरच्या कॉलेजातली मुलं टरकून असायची. सर काही मारकुटे नव्हते, आवाजही कधी चढवत नसत. पण त्यांनी एक भलतीच पद्धत काढली होती. तिला ते अदलाबदल म्हणत. प्रत्येकाने आपल्याला येणाऱ्या एखाद्या कामाची कृती लिहायची, चिठ्ठ्या टाकून ती दुसऱ्याच्या हवाली करायची, आणि त्या दुसऱ्याने घरी जाऊन ते काम नुसतं वाचून करून बघायचं. "लिहिलंय तेवढंच करायचं," सर बजावायचे. "पदरचं घालायचं नाही, कुणाला विचारायचं नाही." काम जमलं की वाचणाऱ्याने खाली शेरा लिहून सही करायची. सही असली तरच सर कागद घेणार, नाहीतर जसाच्या तसा परत.

ऐकायला सोपं वाटतं. एकाने म्हशीची धार कशी काढावी ते मोठ्या थाटात लिहिलं, पण म्हशीच्या कुठल्या बाजूला बसावं तेवढं सांगायचं राहिलं. वाचणारा बापडा नको त्या बाजूला जाऊन बसला आणि पुढे आठवडाभर लंगडत कॉलेजला आला. वर्ग खो खो हसला. मनकर्णाही हसली. आपल्यावर अशी पाळी यायची नाही अशी तिची खात्री होती, कारण तिने विषयच असा धरला होता की चुकायला जागा नाही. भाकरी.

मनकर्णा कर्जतकडची. नगरात छबूमावशीकडे राहून शिकत होती. त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी चालला होता आणि परीक्षा तोंडावर आली होती. सहामाहीत लेखनात ती सपशेल आपटली होती. आता हा कागद सरांनी घेतला नाही तर टर्म ग्रँट होणार नाही, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. त्या सालात वर्ष बुडवायला तरी पाणी कुठून आणलं असतं कोण जाणे. गावाकडे आई-बाप दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडत होते. पोरगी नापास होऊन परत गेली असती तर तिला कुणी रागावलं नसतं. तिच्याही हातात एक हातोडी दिली असती, इतकंच. 

चिठ्ठी निघाली ती अल्लाबक्षची. उंच, अबोल पोरगा. बापाचं कापडबाजारात शिवणकामाचं दुकान होतं, आणि त्याने आयुष्यात चुलीजवळ जाऊन केलेलं एकच काम म्हणजे बशी पुढे करणं. वर्गाला तर हसायला निमित्तच मिळालं. "अल्लाबक्ष, बांगड्या भरून घे रे!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. त्याने कागद मुकाट्याने घडी करून खिशात घातला.

गुरुवारी कागद परत आला. सही नव्हती. खाली सुबक अक्षरात शेरा होता :

'पहिल्याच ओळीत अडलो. "पांढराशुभ्र शाळू दळून आणावा" असे लिहिले आहे. बाजारात विचारले, शेजारीपाजारी पाहिले, शाळू मिळाला नाही. घरात रेशनचा मिलो होता, तो घेतला. पुढचे सर्व लिहिल्याप्रमाणे केले. पीठ साध्या पाण्यात मळले. पहिली भाकरी थापतानाच फाटली, दुसरी उचलताना मोडली, तिसरी तव्यावर तुकडे होऊन पडली. या साली शाळू कुणाच्या घरी आहे ते लेखिकेने सांगावे.'

शेवटच्या वाक्याने मनकर्णाच्या अंगाची लाही लाही झाली. तास सुटल्यावर तिने त्याला व्हरांड्यातच गाठलं.

"मी शाळूचं लिवलंय आन् तुमी मिलो घेतला! मंग भाकरी हुईल कशी?"

"शाळू मिळाला असता तर घेतला असता," अल्लाबक्ष म्हणाला. "अम्मी समोर उभी होती. सरांच्या नियमानं तिला बोलायची बंदी, म्हणून पदर तोंडात धरून होती बिचारी. तिसरी मोडली तेव्हा पाठ करून हसली. तुमच्याकडं शाळू आहे का? मूठभर पीठ द्या, पुन्हा करतो. झाली की लगेच सही."

त्याने हे अगदी सरळ विचारलं होतं. त्यात टोमणा नव्हता.

शाळूची ज्वारी कुठली? गेल्या हंगामात पेरलेलं उगवलंच नव्हतं. वर्ष होत आलं, तिच्या गावात, मावशीच्या घरात, सगळीकडे तोच रेशनवरचा, परदेशी ज्वारीचा तांबडा मिलो. त्याला धड चव नाही, चिकटपणा नाही, आणि वास असा की पहिल्या दिवशी मावशीचं मांजरसुद्धा लांबूनच परत फिरलं होतं. सरकारने परदेशातून आणला म्हणून पोटं भरत होती हे खरं. पण खाणाऱ्याला तो खातो म्हणून सांगायची लाज वाटायची. मनकर्णाला तर फारच. कॉलेजातल्या मुलींच्या खोलीत सावेडीकडच्या नव्या बंगल्यांतल्या मुली डबे उघडून बसायच्या, तेव्हा ती झाकण अर्धवट सरकवून आतल्या आत घास तोडायची. मग कॉलेजच्या कागदावर, सरांच्या डोळ्यांसमोर, ती मिलो कसा लिहिणार? तिने आपली जुनी, बऱ्या दिवसांतली पांढरी भाकरी लिहिली होती. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. पण त्या भाकरीला हात लागून वर्ष झालं होतं.

"न्हाई," ती शेवटी म्हणाली. "आमच्यात बी मिलोच हाय."

"मग त्याचंच लिहा की," अल्लाबक्ष म्हणाला. "आमच्या घरात तो कुणाला जमत नाही."

सरांनी मुदत शनिवारपर्यंतची दिली. दुसऱ्यांदा लिहा, त्याच वाचणाऱ्याकडून करून घ्या, सही आणा. त्यानंतर काही ऐकणार नाही.

त्या संध्याकाळी मनकर्णा परात पुढ्यात घेऊन आणि मांडीशेजारी कागद ठेवून बसली. एक गोष्ट करायची की हात धुऊन ती लिहायची. आधी आधण ठेवावं. पाणी उकळलं की त्यात पीठ सोडून झाकावं, चांगली उकड येऊ द्यावी. मग परातीत काढून गरम आहे तोवरच मळावं, गार झालं की संपलं. थापताना घाई नको. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवावं, पाणी सुकत आलं की उलटावी. वर्षभर हात हे सगळं आपसूक करत होते, पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे शब्दांत मांडताना तिला घाम फुटला. छबूमावशी दारात बसून गंमत बघत होती.

"भाकरी लिवून कोन शिकलंय गं? आमी तर फटके खाऊन शिकलो."

"मावशे, गप बस. माझं वरीस हाय यात."

मावशी जरा जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मिलोचं लिवतीस व्हय? लाज न्हाई वाटत?"

"वाटती," मनकर्णा म्हणाली, आणि पहिल्या ओळीत ठसठशीत अक्षरात तिने 'रेशनचा मिलो' असं लिहिलं. लिहिल्यावर तिला वाटलं होतं तेवढं काही वाईट वाटलं नाही.

शुक्रवारी कागद अल्लाबक्षकडे गेला. शनिवारी दुपारी वर्गात एकेक जण जाऊन सरांच्या टेबलावर सही झालेला कागद ठेवत होता. गठ्ठा वाढत चालला होता आणि अल्लाबक्षचा पत्ता नव्हता. मनकर्णाचा जीव टांगणीला लागला. भाकरी पुन्हा मोडली असेल. आजारी पडला असेल. का बापाने दुकानात अडकवून ठेवला? सर घड्याळाकडे बघून गठ्ठ्याला दोरी बांधायला लागले तेव्हा तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात अल्लाबक्ष दारात उभा राहिला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी, आणि त्या हाताच्या बोटांना हळद लावलेली.

सरांनी कागद घेऊन मोठ्याने वाचला. "'भाकरी झाली. अख्खी उचलली गेली. मात्र गरम पीठ मळताना बोटे भाजली. अम्मीला बोलायची बंदी असल्याने ती नुसतीच कपाळावर हात मारून घेत होती. हात भाजू नयेत म्हणून काय करावे ते लेखिकेने लिहिलेले नाही.'" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय करतात, मनकर्णा?"

मनकर्णा उभी राहिली. तिला स्वतःलाच आठवेना. तिने हवेतच परात धरल्यासारखं करून हात फिरवला, आणि उजवा हात आपोआप बाजूला गेला. "गार पान्यात बुडवतात, सर! शेजारी पान्याचं भांडं ठिवायचं आन् सारखा हात बुडवायचा. ते... ते लिवायचंच ऱ्हायलं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "ये, लिही इथंच."

तिने टेबलाशी उभ्याउभ्याच ती ओळ लिहिली. अल्लाबक्षने हळद लागलेल्या बोटांनीच खाली सही केली. कागदावर पिवळा डाग पडला.

सरांनी मग रुमाल सोडला. आत तांबडी, जाडजूड, एका कडेला करपलेली, पण अख्खी भाकरी. त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिले.  त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. सरांनी तिचा कागद उचलला, घडी केली, आणि गठ्ठ्यात न घालता सरळ आपल्या पिशवीत टाकला.

"सर!" तिला राहवेना. "गठ्ठ्यात ठिवा ना. माझी टर्म..."

"टर्म ग्रँट आहे," सर म्हणाले. त्यांनी वहीत तिच्या नावापुढे तशी खूणही केली. मग आवाज जरा खाली आणला. पण पहिल्या बाकापर्यंत गेलाच. "कागद सोमवारी ठेवतो. आज घरी नेतो. आमच्याकडं वर्षभर मिलोचे तुकडेच खातोय गं आम्ही."

 मग सावेडीच्या मुलींतली एक हळूच म्हणाली, "सर, सोमवारी आम्हाला पण उतरवून घ्यायचाय."

मनकर्णा बाकावर जाऊन बसली. हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते, आणि कोणतं आधी आवरावं ते तिला कळत नव्हतं. अल्लाबक्षने उरलेली भाकरी तिच्यापुढे केली. तिने एक तुकडा तोडून खाल्ला. मिलो तो मिलोच. घशाला खरवडत गेला. तिने सगळ्यांच्या देखत दुसरा तुकडा घेतला.