कडेचे पेंग्विन

चारुताला पेंग्विन मोजायचं वेड लागलं, त्याला झालं आता वर्ष. बाई आखातात, जहरा गावातल्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. दिवसभर रक्तपेशी मोजून रिग्गई भागातल्या घरी यायचं, आणि लॅपटॉप उघडून पुन्हा मोजणीच, काय म्हणावं! दक्षिण ध्रुवाकडच्या एका बेटावर शास्त्रज्ञांनी कॅमेरे बसवलेत. फोटो हौशी लोकांना येतात, पक्षी दिसला की ठिपका द्यायचा. चारुताच्या वाट्याची वसाहत आधीच्या मोजणीपेक्षा बरीच घटली होती. तिचाच तक्ता दाखवून शास्त्रज्ञ तिथली मासेमारी बंद करा म्हणून सांगणार होते.

शुक्रवारची दुपार होती. धुळीत समोरची इमारत विरघळून गेलेली. एसीच्या घरघरीत चारुता केव्हाच बर्फावर पोचली होती. अशा वेळी तिचे पाय खरोखर गार पडत, आणि ती भर जूनमध्ये खुशाल मोजे चढवी. तिच्या नवऱ्याला, सुधीरला, त्याचं हसू यायचं.

चहा ठेवताना त्याने सहज विचारलं, "उजव्या कडेचा हा का सोडलास?"

"कडेचे सोडायचेच असतात," ती म्हणाली आणि ठिपका देता देता थांबली.

लॅबमध्ये सोडायचे असतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या चौकोनाच्या उजव्या नि खालच्या रेघेवरची पेशी धरायची नाही, ती शेजारच्या चौकोनात मोजली जाते. फोटोला कुठला आलाय शेजारचा चौकोन? वीस वर्षांच्या सवयीने हाताने परस्पर पक्षी वगळले होते. म्हणजे ही घट आपणच केली की काय? गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर तक्ता बाद, आणि हे कामही हातचं जाणार.

तिने लगेच लिहून कळवलं, की चूक माझी आहे, सगळे फोटो पुन्हा मोजते.

मग सुट्टीचे शुक्रवार-शनिवार ती बर्फावरच राहिली. कडेला चोच दिसली, शेपूट दिसलं, की ठिपका. दर ठिपक्याला तिचा जीव हलका होई. ती पुटपुटायची, या रे, सगळे या. हरवलेले सगळे तिथे, चौकटीच्या काठावर, दाटीवाटीने उभे असतील असं तिला वाटू लागलं होतं.

आधीच्या मोजणीत चारशे बारा होते, तिच्या मोजणीत दोनशे अडुसष्ट. कडेचे निघाले एकोणीस.

"म्हणजे तक्ता टिकला," सुधीर खूश होऊन म्हणाला. "तुझी चूक एवढीशीच होती."

चारुताचे डोळे भरून आले.

"सगळीच घट माझी चूक हवी होती रे," ती म्हणाली.